फिकट हिरड्या म्हणजे प्रत्येक वेळी गोचीडताप नव्हे

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरला की कुत्र्यांमध्ये गोचीडताप (गोचिडीच्या चाव्यातून होणारा रक्ताचा संसर्ग) वाढतो, म्हणून अंगावरच्या गोचिडी वेळीच काढाव्यात आणि हिरड्या फिकट दिसल्या तर कुत्र्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे, अशी माहिती आपल्या दैनिकात नुकतीच वाचली. माहिती उपयुक्त आहे आणि तिच्यात चुकीचे असे काही नाही. मात्र फिकट हिरड्या म्हणजे गोचीडताप आणि गोचीडताप म्हणजे डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या, हे समीकरण गोव्यात घरोघरी आधीच इतके पक्के बसलेले आहे की त्याच्या दुसऱ्या बाजूविषयीही कोणीतरी लिहायला हवे, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. हे समीकरण पुष्कळदा बरोबर ठरते. ज्या वेळी ते चुकते, म्हणजे कुत्र्याची रोगप्रतिकारशक्तीच त्याच्या रक्तपेशी नष्ट करत असते, त्या वेळी कुत्र्याच्या हाती तीन-चार दिवसच असतात आणि ते दिवस आपण भलत्याच औषधाचा गुण येण्याची वाट पाहण्यात घालवतो.

मी पशुवैद्य नाही. एका इस्पितळाच्या रक्ततपासणी विभागात 31 वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. माणसांच्या रक्ताच्या स्लाइड पाहण्यात आयुष्य गेले. कुत्र्याच्या रक्ताची स्लाइड पहिल्यांदा पाहिली ती आमच्या चंपीची.

चंपी ही पाच वर्षांची, सतरा किलो वजनाची, रस्त्यावरून घरात आलेली साधी गावठी कुत्री. दोन वर्षांपूर्वी चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत तिने खाणे सोडले. घरात पाहुण्यांची वर्दळ, बाहेर फटाके, त्यामुळे ती घाबरून कोपऱ्यात बसली असेल अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. नेवरी (करंजी) तोंडाशी धरली तरी तिने मान फिरवली, तेव्हाही कोणाला विशेष काही वाटले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरामागच्या सिमेंटच्या कट्ट्यापाशी लघवीला बसली आणि कट्ट्यावर कोकमाच्या आगळाचा असतो तसा डाग पडला. तो रंग पाहताच माझ्या पोटात गोळा आला, कारण लघवीतून फुटलेल्या तांबड्या पेशींचे रंगद्रव्य वाहू लागले की ती कशी दिसते हे मी माणसांच्या नमुन्यांत अनेकदा पाहिले होते.

त्या दिवशी जो दवाखाना उघडा सापडला तिथे हिरड्या पाहून गोचीडताप असे निदान झाले, एक इंजेक्शन दिले गेले आणि सात दिवसांच्या गोळ्या लिहून मिळाल्या. रक्त काढले गेले नाही. सणाचे दिवस होते, बाहेर रांग होती आणि त्या डॉक्टरांनी त्या आठवड्यात खरोखरच गोचीडतापाची कितीतरी कुत्री पाहिली असतील. त्यामुळे मी त्यांना एकट्याला दोष देत नाही. रक्त तपासा असा आग्रह मी, जिचा जन्म त्याच कामात गेला तिनेही, धरला नाही. दुसऱ्या दिवशी चंपीच्या हिरड्या ओल्या कागदासारख्या पांढऱ्या आणि डोळे पिवळे झाले. तेव्हा मात्र दुसऱ्या डॉक्टरांना गाठून रक्त काढून घेतले आणि ते तपासताना शेजारी बसण्याची परवानगी मागितली.

रक्त भरलेली केशनलिका (केसासारखी बारीक काचनळी) यंत्रात फिरवून बाहेर काढली तेव्हा तांबड्या पेशींचा थर फक्त 14 टक्के होता. निरोगी कुत्र्यात तो साधारण 37 ते 55 टक्के असतो. वरचे द्रव हळदीच्या पाण्यासारखे पिवळे. काचेवर रक्ताचा एक थेंब घेऊन त्यात सलाईनचे चार थेंब मिसळून काच हलवली, तर रक्त पातळ होऊन पसरण्याऐवजी त्यात रव्यासारखे तांबडे कण धरले आणि ते काही केल्या सुटेनात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा त्या कणांत पेशी एकमेकींना चिकटून घोसच्या घोस झाले होते. मग रंगवलेली स्लाइड पाहिली. कुत्र्याची तांबडी पेशी माणसाच्या पेशीहून थोडी लहान असली तरी तिच्या मध्यभागीचा फिकट भाग चांगला ठळक दिसतो. चंपीच्या स्लाइडवर मात्र जागोजागी असा फिकट मध्य नसलेल्या, लहान, गच्च गोल पेशी होत्या. त्यांना गोलपेशी म्हणतात. शरीराच्या स्वतःच्याच प्रतिद्रव्यांनी (अँटिबॉडींनी) वेढलेल्या पेशीचा थोडा थोडा पापुद्रा प्लीहेतल्या भक्षक पेशी खरवडून काढतात आणि उरलेली पेशी आकसून अशी गोल होते. परजीवी एकही दिसला नाही. निदान झाले: रोगप्रतिकारशक्तीनेच तांबड्या पेशी नष्ट केल्यामुळे होणारा रक्तक्षय. पशुवैद्य त्याला आयएमएचए या आद्याक्षरांनी ओळखतात.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती मला स्वतःलाही ठाऊक नव्हती. अशा प्रतिद्रव्यांचा शोध घेण्यासाठी माणसांत जी कूम्ब्स चाचणी 1945 पासून वापरात आहे ती कुत्र्यांतही करता येते, पण तिच्यासाठी लागणारे द्रावण कुत्र्याच्या प्रतिद्रव्यांसाठी बनवलेले असावे लागते. माणसांच्या प्रयोगशाळेतली बाटली तिथे कामाची नाही. तसेच माणसांच्या रक्तासाठी जुळवलेली मोजणी-यंत्रे कुत्र्याच्या पेशी मोजताना फसतात. प्लेटलेट (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बारीक पेशी) गुठळून बसल्या की यंत्र त्या कमी दाखवते आणि घरची माणसे उगाच हबकतात, किंवा याच्या उलटही होते. सलाईनच्या चार थेंबांना आणि एका स्लाइडला मात्र जवळजवळ काहीच खर्च येत नाही. लागतो तो डोळा आणि दहा मिनिटांचा वेळ.

याच आजाराचे दुसरे भावंड म्हणजे प्रतिकारशक्तीने प्लेटलेट नष्ट करणे. त्यात हिरड्या फिकट होतीलच असे नाही. पोटाच्या केस नसलेल्या भागावर, कानाच्या आतल्या बाजूस आणि हिरड्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उठतात, क्वचित नाकातून रक्त येते, शी डांबरासारखी काळी होते. निरोगी कुत्र्याच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण दोन ते पाच लाख प्लेटलेट असतात आणि आपोआप होणारा रक्तस्राव सहसा त्या 30 ते 50 हजारांच्या खाली गेल्यावर सुरू होतो. स्लाइडवर तेलाच्या भिंगाखालच्या एका दृश्यात दिसणारी एक प्लेटलेट म्हणजे मायक्रोलिटरला सुमारे 15 हजार, असा ढोबळ हिशेब असतो. दहा दृश्ये पाहूनही हाताला एखादीच लागली तर यंत्राच्या छापील आकड्याची वाट पाहण्याचे कारण उरत नाही. काही कुत्र्यांना हे दोन्ही आजार एकाच वेळी होतात आणि त्यांची अवस्था फार बिकट असते.

गोव्यात घोटाळा होतो तो इथेच. एर्लिकिया कॅनिस हा तपकिरी गोचिडीतून पसरणारा जंतूही प्लेटलेट खाली आणतो आणि बबेसिया हा परजीवीही तांबड्या पेशी फोडून कावीळ करतो. बाहेरून पाहिले तर चित्र तेच. आपल्या चिऱ्याच्या भिंतींच्या सांदीत, कौलाखालच्या फटीत ही गोचीड वर्षभर तग धरते आणि एकेक मादी हजारांनी अंडी घालते, हे ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना सांगायला नको. (सत्तरी तालुक्यातल्या माकडतापामुळे गोचीड या शब्दाचीच आपल्याला धास्ती बसली आहे; पण तो आजार पसरवणारी रानातली गोचीड निराळी.) शिवाय गोचिडीचा संसर्ग आणि प्रतिकारशक्तीचा आजार हे सवतेसुभे नाहीत. संसर्गामुळेही प्रतिकारशक्ती बिथरू शकते, आणि ज्या संसर्गाविषयी याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे तो बबेसिया गिब्सोनी आपल्या देशातल्या कुत्र्यांत आढळतो. हा परजीवी इतका बारीक असतो की अनुभवी डोळ्यालाही स्लाइडवर चुकतो. त्यासाठी पीसीआर तपासणी करावी लागते आणि मोठ्या आकाराच्या बबेसियावर जे इंजेक्शन चालते ते याच्यावर नीट चालत नाही. चंपीचा पीसीआरचा नमुना राज्याबाहेर पाठवावा लागला आणि संसर्ग नसल्याचा अहवाल सहाव्या दिवशी हाती आला.

म्हणून डॉक्सिसायक्लिन देणे चूक, असे मी म्हणत नाही. अहवाल येईपर्यंत आमच्या डॉक्टरांनीही ते चालू ठेवले होते आणि एर्लिकियासाठी ते साधारण चार आठवडे द्यावे लागते. ते देऊन तपास तिथेच थांबवणे ही चूक आहे. तितकीच वाईट याच्या उलटची सवय: फिकट कुत्रे दिसताच रक्त न काढता स्टेरॉइड टोचायचे. कुत्रे दोन दिवस तरतरीत होते, घरची माणसे खूश होतात, आणि नंतर काढलेल्या रक्तातून मुळात काय होते ते ओळखणे अवघड होऊन बसते. आधी रक्त, मग सुई, एवढा क्रम जरी सर्वांनी पाळला तरी पुष्कळ काही साधेल.

उपचाराविषयी आता थोडे. औषधांची मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही, कारण वर्तमानपत्रातले कात्रण घेऊन औषधांच्या दुकानात जाणारे लोक मी पाहिले आहेत. मुख्य औषध प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. ते स्वस्त आहे आणि कोणत्याही औषधालयात मिळते. त्याच्या जोडीला अनेकदा अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट किंवा सायक्लोस्पोरिन यांपैकी प्रतिकारशक्ती दाबणारे एक औषध देतात, म्हणजे स्टेरॉइड लवकर कमी करता येते. पण या आजारात कुत्री मरतात ती केवळ रक्त कमी पडून नव्हे. पेशी अशा भराभर फुटू लागल्या की रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते आणि फुफ्फुसात अडकलेली गुठळी हे मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. रक्त कमी आहे आणि तरीही रक्त गोठू नये म्हणून औषध द्यायचे, हे ऐकायला विपरीत वाटते. मला स्वतःला ते पटायला एक दिवस लागला. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय तज्ज्ञांच्या संघटनेने 2019 साली या आजाराविषयी जे एकमताचे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात गुठळ्या रोखण्याचे औषध निदान होताच सुरू करावे असा सल्ला आहे. प्लेटलेट फारच कमी असतील तर मात्र ते टाळतात. चंपीला माणसांना हृदयविकारात देतात त्या क्लोपिडोग्रेलच्या गोळीचा तुकडा रोज मिळत असे. पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. ते पार पडले की आशा धरायला हरकत नाही.

स्टेरॉइडवरचे कुत्रे घरात सांभाळणे हे वेगळेच प्रकरण आहे. चंपी बादलीभर पाणी पिई, रात्रीत तीनदा दार उघडायला लावी, मोलकरणीच्या हातातली भाकरी पळवी आणि पंख्याखाली बसूनही धापा टाकी. महिन्याभरात तिचे पोट सुटले, पाठीवरचे केस विरळ झाले. हे सारे औषधाचे परिणाम आहेत आणि औषध कमी होत गेले की तेही ओसरतात, हे घरच्यांना आधी कोणी सांगितले नाही तर ते घाबरून गोळ्या बंद करतात. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने हेच केले. कुत्रा तिसऱ्या आठवड्यात अंगणात धावू लागला, मग रोज विष कशाला खाऊ घालायचे म्हणून गोळ्या एकदम थांबवल्या. दहा दिवसांत तो पुन्हा पिवळा पडला आणि त्या खेपेस वाचला नाही. रक्ताचा आकडा स्थिर झाल्यावरच, दर काही आठवड्यांनी तपासणी करत, एकेक पायरी उतरत हे औषध कमी करायचे असते. चवथीला सुरू झालेली चंपीची शेवटची गोळी शिगम्याच्या (होळीच्या) सुमारास बंद झाली. या काळात कुत्रा लंगडतो म्हणून घरातली वेदनाशामक गोळी त्याला देणे तर अगदीच टाळावे. स्टेरॉइडबरोबर ती दिली की जठरात जखमा होऊन रक्तस्राव होण्याची भीती असते.

लसीविषयीही लिहिले पाहिजे, कारण चंपीचा आजार ऐकल्यावर रेबीजच्या लसीनेच हे झाले असणार, असे मला किमान चार जणांनी सांगितले. लस आणि हा आजार यांचा संबंध जोडणारा पुरावा दुबळा आहे. ज्या कुत्र्याला हा आजार होऊन गेला आहे आणि ज्याच्यावर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू आहेत, त्याला कोणती लस कधी द्यायची हे त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे. इतरांनी मात्र अशा ऐकीव गोष्टींवरून रेबीजची लस चुकवू नये. वर्षानुवर्षे घरोघरी आणि रस्तोरस्ती लसीकरण केल्यामुळेच 2021 साली गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले, हे विसरून चालणार नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. 14 टक्क्यांवर असलेल्या चंपीला औषधाचा गुण येईपर्यंत जगवायचे तर रक्त देणे भाग होते, कारण अस्थिमज्जेला नव्या पेशी बाजारात उतरवायला तीन ते पाच दिवस लागतात. माणसासाठी रक्त हवे असते तेव्हा आपण रक्तपेढीत चिठ्ठी देतो. कुत्र्यासाठी मी आणि माझा मुलगा संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत फोन करत होतो. ओळखीच्या, मग ओळखीच्यांच्या ओळखीच्या कुत्रेवाल्यांना. कोणाचा कुत्रा लहान, कोणाचा म्हातारा, कोणाला नुकताच गोचीडताप होऊन गेलेला, तर कोणाला आपला कुत्रा यात दगावेल अशी भीती. शेवटी म्हापशाच्या एका गृहस्थांनी आपला 36 किलोचा लॅब्रेडोर गाडीत घालून रात्रीच फोंड्याला आणला. माणसांच्या रक्तपेढीत असते तीच 350 मिलिलिटरची पिशवी लावून त्याच्या मानेच्या शिरेतून रक्त घेतले, त्याला पंधरा मिनिटे लागली. तो तेवढा वेळ मालकाच्या मांडीवर डोके ठेवून पडून होता आणि सुई काढताच उठून बिस्किटे शोधू लागला. किलोमागे दोन मिलिलिटर रक्ताने तांबड्या पेशींचा थर साधारण एका टक्क्याने वाढतो, या हिशेबाने चंपी पहाटे 23 टक्क्यांवर आली. पुढच्या दोन दिवसांत त्यातल्याही काही पेशी फुटल्या आणि ती 18 पर्यंत उतरली, पण तोवर औषध लागू पडू लागले होते.

त्या गृहस्थांचा फोन नंबर आम्हाला केवळ योगायोगाने मिळाला, आणि मला खटकते ते हेच. कुत्र्यांत डीईए 1 हा रक्तगट सर्वांत महत्त्वाचा मानतात. माणसांप्रमाणे परक्या गटाविरुद्ध जोरकस प्रतिद्रव्ये त्यांच्यात जन्मजात नसतात, त्यामुळे आयुष्यातले पहिले रक्त बहुधा निभावून जाते. दुसऱ्या वेळेपासून मात्र गट आणि जुळणी पाहिल्याशिवाय रक्त देणे जोखमीचे असते. चेन्नईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात जनावरांची रक्तपेढी आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने 2025 साली जनावरांचे रक्तसंक्रमण आणि रक्तपेढ्या यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध केली असून त्यांत दात्याची निवड, रक्तगट, जुळणी आणि मोबदल्याशिवाय दान या सर्वांचा विचार केला आहे. गोव्याने उद्याच शीतकपाटांसह रक्तपेढी उभारावी, अशी अपेक्षा मी करत नाही. आपले राज्य एवढे छोटे की पेडण्याचा दाता काणकोणला दोन-अडीच तासांत पोहोचू शकतो. इथे रक्त साठवण्याआधी दाता कुठे आहे हे ठाऊक असणे पुरेसे होईल. रेबीजची लस देणारी पथके प्रत्येक कुत्र्याची नोंद मोबाईलवर करतातच. त्या नोंदीत वजन, वय आणि मालकाची रक्तदानास तयारी आहे का, एवढे तीन रकाने वाढवले आणि संमती दिलेल्यांची तालुकावार यादी पशुसंवर्धन खात्याने सरकारी व खासगी दवाखान्यांना उपलब्ध करून दिली, तर रात्री अकरापर्यंत फोन फिरवण्याची वेळ कोणावर येणार नाही. त्याबरोबरच तालुक्याच्या प्रत्येक सरकारी पशुचिकित्सालयात सूक्ष्मदर्शक चालू स्थितीत असावा आणि स्लाइड वाचणारा माणूस सणासुदीलाही फोनवर मिळावा. माझ्यासारखे निवृत्त तंत्रज्ञ गोव्यात कमी नाहीत. आठवड्यातले दोन दिवस विनामूल्य येऊन स्लाइड करण्यास आणि शिकवण्यास मी तयार आहे, आणि विचारले तर माझ्या दोन जुन्या सहकारीही येतील.

चंपी आज सात वर्षांची आहे आणि हे लिहीत असताना दारात झोपली आहे. तिला एकदा रक्त दिले गेले असल्यामुळे आणि हा आजार होऊन गेल्यामुळे ती स्वतः कधी दाता होऊ शकत नाही. पण गेल्या वर्षी आमच्याकडे आणखी एक कुत्रा आला आहे: वय तीन वर्षे, वजन 29 किलो, लसी पूर्ण, गोचीडतापाच्या तपासण्या दोनदा करून झाल्या आहेत आणि दोन्ही वेळा निर्दोष आल्या आहेत. खात्याने अशी यादी सुरू केली तर फोंडा तालुक्यातले पहिले नाव त्याचे घालावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ,
फोंडा, गोवा